आवाज कुणाचा?

“आज किती वाजता येणारेस गं?”

तळमजल्यावरच्या काकूंचा हा प्रश्न. सकाळी मी पार्किंगमधून गाडी काढत असते तेव्हा बेडरूमच्या खिडकीच्या ग्रिलमागून येणारा. आठवड्यातून चार-पाच वेळा तरी. तुम्ही पुण्यात वाढलेले असाल, आणि त्यातून मुलगी असाल, तर याचा अर्थ तुम्हाला समजावून सांगायला नको. ‘रात्री साडेअकराला घरी येणं शोभतं का?’ हे विचारायची ही सभ्य पद्धत. मीही इथलीच. “ठरलं की पेपरात छापून आणते, काकू,” असं एकदा म्हणून मोकळी झाले आणि सेल्फ मारला. धड्, धड्, धड्! काकूंच्या खिडकीची तावदानं थरथरली. मला जाम बरं वाटलं.

आता हे लिहिताना तेवढं बरं वाटत नाहीये. पण या पानावर निदान खरं बोलायचं असं आपलं ठरलंय ना? मग सुरुवातीपासूनच सांगते.

बुलेट माझी नाही. मावसभावाची आहे. क्लासिक ३५०, २०१८ चं मॉडेल, बीएस-४, कार्बोरेटरवालं. दादाला जर्मनीत नोकरी लागली आणि एअरपोर्टला निघताना त्यानं किल्ली माझ्या हातावर ठेवली. “विकू नको. चालवत राहा, नाहीतर गंजेल.” १९० किलोच्या आसपासचं धूड! पहिले पंधरा दिवस सेंटर स्टँडला लावताना घामाच्या धारा. वॉचमनकाका धावत यायचे. मग एक दिवस ट्रिक कळली (हाताने ओढायचं नसतं, पायानं स्टँडवर उभं राहायचं असतं) आणि गाडी माझी झाली.

गाडी जमली, पण रस्त्यावरची माणसं जमेनात. सिग्नलला शेजारी थांबलेला हमखास विचारणार, “मॅडम, झेपते का?” पेट्रोल पंपावर, “बाबांची का?” हे सगळं दिवसा. रात्रीची गंमत वेगळी. माझं काम फ्रीलान्स. बालगंधर्वला प्रयोग सुटला, मैफल संपली, कुणाची मुलाखत लांबली की निघायला अकरा वाजणारच. त्या वेळी कर्वे रोडवर एखादी गाडी तुमच्या बरोबरीनं चालायला लागते. पुढे जात नाही, मागे राहत नाही. नुसती बाजूला. हे ज्या मुलींनी अनुभवलंय त्यांना कळेल की त्या दोन-तीन मिनिटांत नळस्टॉप किती लांब वाटतो.

हे मी कट्ट्यावर सांगितलं तेव्हा एका मित्रानं निदान केलं, “तुझ्या गाडीला आवाजच नाहीये ना यार. बुलेट येतेय हे आधी कळायला नको?”

पटलं. लगेच पटलं.

पुण्यात गाडीचं काहीही करायचं असलं की पावलं नाना पेठेकडे वळतात. दुकानाला लागून दुकान, आणि दारात द्राक्षांच्या घडांसारखे लटकलेले सायलेन्सर. यांची नावं ऐका: शॉर्ट बॉटल, लाँग बॉटल, मेगाफोन, डॉल्फिन, गोल्डस्टार, पंजाबी, इंदोरी. एखाद्या हॉटेलचं मेन्यूकार्ड वाचतोय असं वाटतं. मी ज्यांच्याकडे गेले त्या चाचांचं दुकान म्हणजे सहा बाय आठची खोली. बाकीचं काम फुटपाथवर. त्यांनी माझ्याकडे पाहून ‘झेपते का’ विचारलं नाही, यातच त्यांनी मला जिंकलं. त्यांचा प्रश्न वेगळाच होता, “जाळी ठेवायची का काढायची?” सलूनमध्ये ‘मशीन की कात्री’ विचारावं तितक्या सहज.

जाळीचं प्रकरण मला तोवर ठाऊक नव्हतं. मास कॉमच्या वर्गात हे शिकवत नाहीत. चाचांनी एक जुना, उभा कापलेला सायलेन्सर हातात देऊन शिकवलं. बुलेटचं इंजिन एका सिलिंडरचं, फोर-स्ट्रोक. क्रँक दोनदा फिरला की एकदा स्फोट. गाडी उभ्या उभ्या हजार आरपीएमला चालतेय असं धरा, म्हणजे मिनिटाला पाचशे स्फोट, सेकंदाला आठ. दर वेळी एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो आणि आतला तापलेला गॅस दाबाखालीच बाहेर उडी मारतो. तीच ती धड्. चार सिलिंडरच्या गाडीत या उड्या इतक्या पाठोपाठ येतात की त्यांची एकसलग घरघर होते. बुलेटमध्ये त्या मोजता येतील इतक्या सुट्या पडतात, आणि म्हणून छातीत ठोका पडल्यासारखं वाटतं.

सायलेन्सरचं काम या उड्या मोडायचं. आत पत्र्याचे पडदे घालून कप्पे केलेले, त्यांतून भोकं पाडलेल्या नळ्या गेलेल्या. गॅस एका कप्प्यातून दुसऱ्यात, तिथून वळून पुन्हा मागे, असा भटकतो. आवाजाच्या लाटा एकमेकींवर आपटून विरत जातात. काही सायलेन्सरमध्ये जाळीच्या नळीभोवती ग्लासवूल गुंडाळलेलं असतं, ते वरच्या पट्टीतला कर्कशपणा शोषून घेतं. जाळी काढली की उरते एक पोकळ नळी. चाचांच्या भाषेत, “मग सायलेन्सर कसला, कर्णा म्हणा.”

मी जाळीसकट शॉर्ट बॉटल बसवायला सांगितला. चाचांनी गाडी चालू केली. मी म्हटलं, थोडा अजून. त्यांनी ग्लासवूल काढलं. थोडा अजून. मग त्यांनी काही न बोलता जाळी बाहेर ओढली आणि फुटपाथवर ठेवली.

आहाहा! काय सांगू तुम्हाला. लकडी पुलावरून येताना माणसं वळून बघत होती. सिग्नलला कुणीही काहीही विचारलं नाही. रविवारी पहाटे मी मुद्दाम कात्रजच्या नव्या बोगद्यात गेले आणि आत शिरल्यावर अ‍ॅक्सिलरेटर पिळला. भिंतींवरून तो आवाज परत अंगावर आला तेव्हा मला कॉलेजमधला पुरुषोत्तम करंडक आठवला. भरत नाट्य मंदिरात ‘आवाज कुणाचा?’ अशी एकानं आरोळी ठोकायची आणि बाकीच्यांनी घसा फाडून कॉलेजचं नाव ओरडायचं. मला तेव्हा ओरडायला फार आवडायचं. मुलीनं मोठ्यांदा हसू नये, जिन्यात पाय वाजवू नयेत, फोनवर हळू बोलावं, हे ऐकत वाढलेल्या कुणालाही आवडेल. आणि रात्री बरोबरीनं चालणाऱ्या त्या गाड्या? बंद! नव्वद टक्के बंद. चार महिन्यांत मला एकदाही नळस्टॉप लांब वाटला नाही. हा फायदा खरा होता. पुढे जे सांगणार आहे त्यामुळे तो खोटा ठरत नाही.

तर, आवाजाचं वेड जगात आपल्यालाच आहे असं समजू नका. हार्ले-डेव्हिडसननं १९९४ मध्ये अमेरिकेत आपल्या इंजिनाच्या आवाजाचाच ट्रेडमार्क मिळावा म्हणून अर्ज केला होता. त्यांच्या व्ही-ट्विनमध्ये दोन सिलिंडरचे स्फोट सारख्या अंतरानं होत नाहीत, एक लवकर, एक उशिरा, त्यामुळे ती लंगडत धावल्यासारखी लय येते. इतर कंपन्यांनी हरकती घेतल्या, वर्षानुवर्षं खल झाला आणि २००० मध्ये हार्लेनं अर्ज मागे घेतला. पण आवाज ही विकायची वस्तू आहे हे तेव्हाच सगळ्यांना कळून चुकलं.

माझ्या गाडीची लय मात्र महिन्याभरात बिघडली. गॅसची वाट एकदम मोकळी झाली आणि जुन्या जेटमधून येणारं पेट्रोल हवेच्या मानानं कमी पडायला लागलं. अ‍ॅक्सिलरेटर सोडला की मागून फट्, फट्. काही पोरं हेच फटाके मुद्दाम वाजवतात. चालत्या गाडीचा किल स्विच क्षणभर बंद करून चालू केला की न जळलेलं पेट्रोल तापलेल्या सायलेन्सरमध्ये जाऊन पेटतं. माझे फटाके फुकटचे होते. आणि ज्या पिकअपसाठी लोक हे करतात म्हणतात तो तर कमीच झालेला. चढावर गाडी पूर्वीइतकी ओढेना. कंपनीच्या एक्झॉस्टमध्ये धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही असतो. नाना पेठेतल्या नळ्यांमध्ये तो बहुधा नसतोच. म्हणजे आवाजाबरोबर मी धूरही वाटत फिरत होते.

कायद्याचं म्हणाल, तर तो अगदी स्वच्छ आहे. सेंट्रल मोटर व्हेइकल्स रूल्स, १९८९ मधला नियम १२० सांगतो की प्रत्येक गाडीला आवाज कमी करणारा सायलेन्सर हवा. १७५ सीसीच्या वरच्या मोटरसायकलला कंपनीतून बाहेर पडताना ८० डेसिबलची मर्यादा आहे. गाडी पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर देऊन न्यायची आणि तिच्या वाटेपासून साडेसात मीटरवर मायक्रोफोन ठेवून मोजायचं. गाड्यांना अशी प्रमाणपत्रं देणाऱ्या देशातल्या मोठ्या संस्थांपैकी एक म्हणजे आपली एआरएआय. तीच ती, जिच्या टेकडीवर आपण वडापाव खात सूर्यास्त बघतो. आणि आमची सोसायटी त्याच टेकडीच्या पायथ्याशी! कंपनीनं दिलेल्या गाडीत स्वतःच्या मर्जीनं फेरफार करता येत नाहीत, हे सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०१९ मध्ये पुन्हा बजावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर आवाजाचे नियम मोडले तर पहिल्याच गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन्स जायचं. जप्त केलेले सायलेन्सर ओळीनं मांडून त्यावरून रोडरोलर फिरवल्याचे फोटो तुम्हीही पाहिले असतील. पण माझ्या गाडीची पीयूसी त्या काळात आरामात पास झाली. पीयूसीला पेट्रोल गाडीचा फक्त धूर बघतात, तोही गाडी उभी असताना. आवाज कुणी मोजतच नाही.

मोजणारं एक माणूस होतं. ते मला पुढे कळलं.

जूनमधली गोष्ट. फटाक्यांचा वैताग आला म्हणून जेट बदलायला गाडी चाचांकडे टाकली होती. मी दुपारीच रिक्षानं घरी आले, अंगात कणकण होती, गोळी घेऊन झोपले. रात्री पावणेबाराला बेल वाजली. आईनं दार उघडलं. दारात काकू, गाऊनवर ओढणी घेतलेली, दोन जिने चढून दम लागलेला.

“अहो, ही आली नाही का अजून? गाडीचा आवाज नाही आला, म्हणून म्हटलं...”

“मी दुपारपासून घरीच आहे, काकू,” आतून मी ओरडले. आवाजात तोच नेहमीचा खवचटपणा.

“अगोबाई!” काकू म्हणाल्या. “मग मी ह्यांना केव्हाच गोळी दिली असती की.”

मला काही कळेना. आईलाही. आईनं त्यांना बसवलं, पाणी दिलं, तेव्हा सगळं बाहेर आलं. काकांना फेब्रुवारीत स्ट्रोक झाला होता. ‘काकांना बरं नाहीये’ इतपत मला माहीत होतं. त्यानंतर त्यांची झोप गेली. डॉक्टरांनी झोपेची गोळी दिली, रात्री दहाला द्या म्हणाले. दहाला दिली की काका झोपायचे. साडेअकराला माझी गाडी त्यांच्या उशापासून दहा फुटांवर येऊन उभी राहायची. काका दचकून उठायचे आणि मग पहाटेपर्यंत ‘कोण आलं? कोण आलं?’ एवढंच विचारत राहायचे. दुसरी गोळी देता येत नव्हती. म्हणून काकूंनी वेळ बदलली. मी आले की गोळी. तोवर टीव्हीचा आवाज बंद करून दोघं नुसती चित्रं बघत बसायची. ज्या दिवशी मी लवकर येणार असेन त्या दिवशी काकांना लवकर झोपवता यायचं.

“म्हणून सकाळी विचारते गं तुला. आज किती वाजता येणारेस ते.”

मी चादर डोक्यावर ओढून आतल्या खोलीत पडले होते. बाहेर जावं, काहीतरी बोलावं, हे सुचत होतं आणि धीर होत नव्हता. आई म्हणाली, “अहो, मग आधी सांगायचंत ना.”

“काय सांगायचं? दमून येतात बिचारी पोरं कामावरून. आणि ही तर एवढ्या रात्री एकटी येते. मला आपलं बरं वाटायचं, आली एकदाची सुखरूप.”

त्या रात्री ताप उतरला, झोप मात्र आली नाही.

दुसऱ्या दिवशी मी काकूंकडे गेले. काका खिडकीपाशी आरामखुर्चीत होते, त्यांनी डाव्या हातानं ये म्हणून खूण केली. उजवा हात मांडीवर तसाच. गाडी दोन दिवसांनी परत आली तेव्हा मी मित्राला खाली उभं करून गाडी चालू करायला लावली आणि स्वतः काकांच्या पलंगाच्या उशाशी मोबाइल ठेवला. मोबाइलचं डेसिबल अ‍ॅप म्हणजे काही एआरएआयचं मीटर नव्हे, तरी खिडकी बंद असताना आकडा ८० च्या पुढे गेला. राहत्या वस्तीत रात्री ४५ च्या वर जाऊ नये असं २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम सांगतात. ‘८० म्हणजे ४५ च्या दुप्पटसुद्धा नाही’, असा हिशेब मित्रानं केला. तसं नसतं. डेसिबलमध्ये दर दहाला आवाजाची तीव्रता दहापट होते आणि कानाला तो साधारण दुप्पट वाटतो. ४५ ते ८० म्हणजे तीव्रता हजारांच्या पटीत! हे त्याला सांगत असताना माझं लक्ष काकांकडे गेलं. त्यांनी डावा हात कानावर धरला होता, फक्त एका. दुसरा हात वर येत नव्हता.

मी खिडकीतून मित्राला गाडी बंद करायची खूण केली.

कंपनीचा सायलेन्सर माळ्यावर गोणपाटात गुंडाळून ठेवला होता, हे नशीब. पुष्कळजण तो जागच्या जागी भंगारात विकून मोकळे होतात आणि मग नवीन घ्यायला पाच-सहा पट मोजतात. चाचांनी तो बसवला, जेट पुन्हा जुनं टाकलं. पैसे घेताना म्हणाले, “महिन्याभरात परत याल बघा. एकदा कान बसले की हा आवाज मेल्यासारखा वाटतो.” खोटं नव्हतं ते. नाना पेठेतून घरी येईपर्यंत गाडीत काहीतरी बिघडलंय असंच वाटत राहिलं.

आणि हो, तिसऱ्याच रात्री, अगदी ठरल्यासारखी, म्हात्रे पुलाच्या सिग्नलपासून एक गाडी माझ्या बरोबरीनं निघाली. “मॅडम, झेपते का?” मी काही बोलले नाही. हेल्मेटची काच खाली केली आणि पुढे गेले. ती नळस्टॉपपर्यंत बाजूला होती. मित्रमंडळींत यावर बरीच चर्चा झाली. ‘मोठा आवाज म्हणजे सेफ्टी’ हा परदेशी फंडा एकानं ऐकवला. पण नळीचं तोंड मागे असतं. पुढून येणाऱ्या, एसी लावून काचा बंद केलेल्या गाडीवाल्याला आवाज पोचेपर्यंत आपण पोचलेले असतो. अपघातासाठी त्याचा फारसा उपयोग नाही, हे मी त्याला पटवून दिलं. बाजूनं चालणाऱ्यांसाठी उपयोग होता. ते कुणाला पटवून द्यायची गरज नव्हती. त्यावर दुसरा उपाय मला अजून सापडलेला नाही. तुमच्याकडे असला तर कळवा, मी गंभीरपणे विचारतेय.

कंपनीच्या सायलेन्सरवर मी पहिल्यांदा रात्री घरी आले तेव्हा अकरा पस्तीस झाले होते. गेटमधून आत शिरताना नकळत अ‍ॅक्सिलरेटर कमी केला. काकूंच्या खिडकीत अंधार होता. टीव्हीचा निळा उजेडही नव्हता. गाडी स्टँडला लावली, त्याचा ‘खट्’ आवाज झाला, तेवढ्यानंही मी दचकले. वर पाहिलं तर आमच्या गॅलरीत आई उभी.

“आलीस होय? मला कळलंच नाही,” दार उघडताना ती म्हणाली. ती चांगलीच वैतागली होती. “अकरापासून उभी आहे. पूर्वी तू पौड फाट्याला वळलीस की आवाज यायचा, मग मी आमटी गरम करायला ठेवायचे.”

हे चार महिने तिनं मला कधीच सांगितलं नव्हतं. आमटी त्या रात्री गारच खाल्ली.

आता पौड फाट्याच्या सिग्नलला थांबले की मी आईला एक मिस्ड कॉल देते.